त्या साठ जणांत आपण कुठे?

मैत्रिणींनो,

मारामारीच्या सिनेमावर आपल्या अंकाने संपादकीय लिहावे का, असा प्रश्न आमच्याच बैठकीत निघाला. पोटगीचे दावे रखडले आहेत, यंत्रमागावर कांडी भरणाऱ्या बायकांच्या मजुरीचा प्रश्न आहे, मग सिनेमा कशाला? शंका रास्त आहे. पण शौर्य म्हणजे काय, ते कोणाचे असते आणि कोणाला शोभते, हे आपल्या गावातली मुले-मुली आपल्या शिबिरांतून थोडेच शिकतात. ती ते पडद्यावरून शिकतात. त्या शिकवणीचे परिणाम मग आपल्याला घराघरांत निस्तरावे लागतात. म्हणून या वेळी विषय सिनेमाचाच.

निमित्त आहे ‘फर्जंद’. दिग्पाल लांजेकरांचा हा चित्रपट २०१८ साली आला. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद आणि निवडक साठ मावळ्यांनी आदिलशाहीच्या ताब्यातला पन्हाळा घेतला, त्याची ही कथा. शाळेच्या सहलीत पन्हाळा पाहिला नाही अशी मुलगी आमच्या भागात क्वचितच असेल. त्यामुळे या सिनेमाबद्दल इकडे आपुलकी आहे आणि ती खोटी नाही. एका रविवारी कबनूरमध्ये आम्ही आठवी ते दहावीच्या मुली आणि त्यांच्या आयांना तो एकत्र दाखवला आणि नंतर चर्चा ठेवली. त्या चर्चेतून आलेले काही विचार आज तुमच्यापुढे ठेवत आहे.

आधी या सिनेमाचे चांगले काय ते मोकळेपणाने सांगते. नेहमीच्या हिंदी मारधाडपटात एकटा नायक पन्नास जणांना लोळवतो आणि बाकीचे मार खाण्यापुरते असतात. इथे तसे नाही. ही टोळीची गोष्ट आहे. पन्हाळा एकट्याच्या ताकदीवर पडलाच नसता. कोणी बातमी काढली, कोणी अंधारात कडा चढला, कोणी वर पोचल्यावर शिंगे फुंकून गडावर गोंधळ उडवून दिला. प्रत्येकाचे काम वेगळे आणि एकमेकांवर विश्वास पुरा. संघटनेत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट ओळखीची वाटते. एकटीने तहसीलदाराला निवेदन देणे आणि साठ जणींनी कचेरीच्या पायरीवर बसणे यातला फरक आपण पुष्कळदा पाहिला आहे.

मग खटकते कुठे? चर्चेत नववीतल्या एका मुलीने ते एका वाक्यात सांगून टाकले. ती म्हणाली, “ताई, त्या साठात आपली एक बी न्हाई.”

सिनेमात स्त्रिया नाहीत असे नाही. मृणाल कुलकर्णींच्या जिजाऊ आहेत, मृण्मयी देशपांडेंची केसर आहे. दोन्ही भूमिका दुबळ्या नाहीत. पण या सगळ्या जातीच्या चित्रपटांत बाईच्या जागा ठरून गेलेल्या आहेत. ती मुलाला पाठवणारी आई असते, नवऱ्याला ओवाळणारी बायको असते, नाहीतर रूपाचा आणि नाचाचा आडोसा घेऊन बातमी काढणारी असते. धाडस तिच्याकडेही असते, फक्त ते ती एकटीने करते. पुरुषांना सिनेमा टोळी देतो, जेवणाची एक पंगत देतो, एकमेकांच्या पाठीवरची थाप देतो. बाईला देतो तो निरोप.

‘तो काळच तसा होता’ असे उत्तर लगेच येते. काळ तसा होता हे काही अंशी खरे आहे. पण सिनेमा आजचा आहे, आणि कोणाची गोष्ट सांगायची हे आजचे लोक निवडतात. ज्या पन्हाळ्यावर हे साठ जण चढले, त्याच पन्हाळ्यावरून पुढे ताराराणींनी राज्य चालवले. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षे औरंगजेबाच्या फौजेविरुद्ध त्यांनी मराठ्यांचा लढा चालवला आणि कोल्हापूरच्या गादीचा पाया घातला. कावळा नाक्यावरचा त्यांचा घोड्यावरचा पुतळा आपण एसटीच्या खिडकीतून किती वेळा पाहिला असेल! तरी मुलींना ‘पन्हाळ्याचा पराक्रम कोणाचा?’ असे विचारले, तेव्हा पावनखिंड आली, कोंडाजी आला, शिवा काशीद आला. ताराराणींचे नाव आम्हाला आठवण करून द्यावे लागले.

ही वाट सिनेमाला कोल्हापुरातच लागली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. विराटाच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या द्रौपदीला कीचक त्रास देतो आणि भीम त्याचा वध करतो, ही कथा. तो वध पडद्यावर इतका जिवंत उतरला की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. विषय पाहा: कामाच्या ठिकाणी एका नोकरी करणाऱ्या बाईचा लैंगिक छळ! तिने दरबारात दाद मागितली आणि दरबार गप्प बसला. शेवटी न्याय मिळाला तो एका पुरुषाच्या बाहुबलाने. ‘तिचा अपमान आणि त्याची मारामारी’ हा साचा शंभर वर्षांपूर्वी असा पडला आणि आजही मोडलेला नाही. त्याच चित्रपटात गुलाबबाई आणि अनुसयाबाई या दोघींनी काम केले. एरवी पुरुषच साडी नेसून बाईची भूमिका करत, अशा काळातले हे धाडस होते. त्यांची नावे मात्र पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी आली. सिनेमात काम करणारी बाई समाजाला चालत नव्हती. कीचकवधाचे कौतुक झाले, पण या दोघींच्या हिमतीला शौर्य म्हणायचे कोणाला सुचले नाही.

अपवाद झाले, आणि तेही आपल्याच मातीतून. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात कंपनी पुढे पुण्याला गेली आणि तिथे १९३६ साली शांतारामबापूंनी ‘अमर ज्योती’ काढला. त्यात दुर्गाबाई खोटे समुद्री चाच्यांची नायिका सौदामिनी झाल्या. स्वतःच्या मुलाचा ताबा न्यायाने नाकारला म्हणून ही बाई बंड करून उठते! मुलाच्या ताब्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या किती जणी आपल्या केंद्रात येतात ते आठवा, म्हणजे या कथेचे मोल कळेल. त्याच्या आदल्या वर्षी, १९३५ मध्ये, मुंबईच्या वाडियांचा ‘हंटरवाली’ आला होता. त्यात नाडियाने चाबूक आणि घोडा चालवला, उड्या स्वतः मारल्या आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले. म्हणजे ‘लोकांना लढणारी बाई बघायला आवडत नाही’ हे निर्मात्यांचे म्हणणे नव्वद वर्षांपूर्वीच खोटे ठरले आहे.

हा रोग आपल्यापुरताच नाही, हेही समजून घेऊ. टोळीच्या लढाईचा जगभर गाजलेला चित्रपट म्हणजे कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’. तो १९५४ चा. लुटारूंपासून वाचण्यासाठी एक गाव सात लढवय्ये आणते. ते येणार म्हणताच गावातला एक बाप आपल्या तरुण मुलीचे केस कापून तिला मुलगा बनवतो. त्याला भीती लुटारूंची नसते, रक्षण करायला येणाऱ्यांची असते! कुरोसावाला हे दिसले आणि त्याने ते दाखवले. पण लढाईची आखणी मात्र पुरुषांनीच केली.

या सामुराईंची छाया पडलेला आपला ‘शोले’ १९७५ चा. बसंतीचा टांगा उधळतो तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. हेमामालिनीच्या जागी तो जीवघेणा टांगा हाकणारी बाई होती रेशमा पठाण. स्टंट करणाऱ्यांच्या संघटनेचे सभासदत्व मिळवलेली ही पहिली बाई. त्याआधी नायिकेसाठी घोड्यावरून पडायचे कामसुद्धा पुरुष साडी नेसून करत. पोट भरण्यासाठी कोवळ्या वयात या कामात उतरलेली रेशमा आपली हाडे मोडून घेत राहिली आणि टाळ्या पडल्या त्या दुसऱ्याच चेहऱ्याला. तिची गोष्ट सांगणारा ‘द शोले गर्ल’ हा चित्रपट यायला २०१९ साल उजाडावे लागले. पडद्यावरही बाईची मेहनत घरातल्या मेहनतीसारखीच, दिसत नाही आणि मोजली जात नाही.

आता पडद्यावरून खाली गावात येऊ. कोल्हापूरची ओळख असलेले मर्दानी खेळ आमच्याही भागात शिकवले जातात. लाठी, दांडपट्टा, विटा, फरीगदगा. २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला तेव्हा अनेक आखाड्यांत आनंद झाला. या खेळांत मुली येतात ही स्वागताची गोष्ट आहे. आठ-दहा वर्षांच्या मुली पट्टा असा फिरवतात की बघत राहावे. मिरवणुकीत त्यांना पुढे ठेवतात, फोटो निघतात, भाषणांत ‘जिजाऊंच्या लेकी’ म्हणतात. पण याच मुली बाराव्या-तेराव्या वर्षी गायब होतात. चर्चेत आम्ही आयांना सरळ विचारले, “तुमची मुलगी खेळायची ती थांबली का?” उत्तरे मिळाली ती अशी: “शानी झाली आता.” “पटांगणात पाय फाकून उभं ऱ्हायचं, बरं दिसतंय व्हय?” “हातापायाला लागलं, तोंडावर खूण पडली तर उद्या स्थळ कोण देणार?” एक आई हळूच म्हणाली, “तिचे आजोबा म्हणत्यात, सासरी जाऊन पट्टा फिरवणार हाय का ती!” यावर सगळ्या हसल्या. त्यांतल्या दोघी-तिघींचे हसू लवकर विरले. सासरी पट्टा नाही, पण सासरी काय काय फिरते हे त्यांना ठाऊक होते.

म्हणजे मुलीच्या अंगात बळ येते नेमके त्याच वेळी आपण तिला पटांगणातून उठवून घरात आणतो. ज्या वयात रस्त्यावरची नजर बदलते, बसमध्ये धक्के सुरू होतात, त्याच वयात तिची लाठी काढून घेतो. ही रीत मोडता येते. केरळात वडकरा इथल्या मीनाक्षी अम्मांना कळरीपयट्टूसाठी २०१७ साली पद्मश्री मिळाली. मुलगी वयात आली की शिकणे थांबायचे ही रीत तिकडेही होती. त्या थांबल्या नाहीत. सत्तरी ओलांडल्यावरही त्या साडीचा काष्टा घालून मुलांना-मुलींना शिकवत राहिल्या.

भाषाही या कामी हातभार लावते. खेळच ‘मर्दानी’. मुलगी खेळली तरी तिने मर्दाचे काहीतरी उसने घेतले असा त्याचा अर्थ. शूर बाईला आपण ‘मर्दानी’ म्हणतो आणि भित्र्या पुरुषाला ‘हातात बांगड्या भर’ म्हणतो. मोहिमेवर निघण्याआधी शिवाजी महाराजांनी कोंडाजीच्या हातात सोन्याचे कडे घातले, असे वर्णन आहे. पुरुषाच्या मनगटावरचे कडे पराक्रमाची खूण आणि बाईच्या मनगटावरची बांगडी भेकडपणाची! दिवसभर बांगड्यांच्या हाताने कांड्या भरून, रात्री त्याच हाताने वीस भाकऱ्या थापणाऱ्या बाईने या म्हणीचा अर्थ कसा लावायचा? निदान आपल्या मोर्च्यांत अधिकाऱ्यांना बांगड्यांचा आहेर देण्याची पद्धत तरी आपण बंद करूया.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या गटात हिंदू मुली आहेत तशा मुसलमान मुलीही आहेत. कबनूरची वस्ती तशीच मिसळलेली आहे. सिनेमा संपल्यावर मुसलमान मुली मागे गप्प बसून राहिल्या. शत्रूचा चेहरा, पेहराव, भाषा पडद्यावर एकाच धर्माची दिसत राहिली की शेजारी बसलेल्या मैत्रिणीवर काय बेतते, याचा विचार असे सिनेमे काढणाऱ्यांनी आणि दाखवणाऱ्यांनीही करायला हवा. आम्ही त्यांना सांगितले की १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यावर चालून जाऊन महाराजांच्या बाजूने लढणाऱ्यांत सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा होता. ‘फर्जंद’ हा शब्दच फारसी आहे, त्याचा अर्थ पुत्र. त्यानंतर त्या बोलू लागल्या. शौर्य शिकवायचे ते शेजारणीशी वैर न शिकवता शिकवता येते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

आता मुद्द्याचे. मुलींना स्वसंरक्षण शिकवा, अशी मागणी सगळीकडून होते. सरकारी शाळांत राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आत्मरक्षा प्रशिक्षणाची योजना आहे. गावोगावी कराटेचे वर्ग निघाले आहेत. माझा त्याला विरोध नाही. आपण जोरात ओरडू शकतो, हात झटकू शकतो, हे अंगाला माहीत असणे फार मोलाचे आहे. वर्षभर लाठी शिकलेली मुलगी रस्त्यातून चालते ती वेगळी, हे मी स्वतः पाहिले आहे. पण या वर्गांमागचा विचार तपासला पाहिजे. तिथे एक मुलगी, एक अनोळखी गुंड आणि एक अंधारी गल्ली गृहीत धरलेली असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहांतल्या नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचे वचन देणारा. त्याच्यावर कोणता डाव टाकायचा? आणि नाही टाकता आला, तर ‘एवढे शिकवले होते, मग मारले का नाहीस?’ हा प्रश्न पुन्हा तिलाच.

इथे मला ‘फर्जंद’सारख्या सिनेमाकडून काही शिकावेसे वाटते. पुरुषांना तो सांगतो की गड एकट्याने सर होत नाही, साठ जण लागतात. मुलींना मात्र आपण डाव शिकवतो आणि एकटे सोडतो. आपण त्यांना टोळी दिली पाहिजे.

ही टोळी आपल्याकडे नाही असे नाही. चर्चेत कांडी भरणारी एक मावशी म्हणाली, “पाळी सुटली की आमी सहा जणी एकमेकीसाठी थांबतो. एकीची कांडी ऱ्हायली तर बाकीच्या हात लावत्यात. एकटीला सोडून कोण जात न्हाई.” एवढे सांगून ती लगेच म्हणाली, “त्यात काय विशेष न्हाई म्हणा.” मैत्रिणींनो, त्यातच विशेष आहे. पहारा, इशारा, एकमेकींचे काम वाटून घेणे, शेवटची येईपर्यंत न निघणे, ही युद्धकलाच आहे. फक्त तिच्यावर सिनेमा निघत नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे थांबवायचे, असे एका गावाने एकत्र बसून ठरवले, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारला सर्व ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढावे लागले. तलवार न उचलता घेतलेला हा गड आहे. लढाईचे सिनेमे वीराच्या मरणापाशी थांबतात, त्याच्या बायकोच्या बांगड्यांचे पुढे काय झाले ते विचारत नाहीत. हेरवाडने ते विचारले.

तेव्हा आपल्या गटांसाठी काही सूचना करते. गावात मुलींसाठी खेळाचा वर्ग असेल तर तेराव्या वर्षानंतर किती मुली टिकतात याची नोंद ठेवा आणि गळालेल्या प्रत्येकीच्या घरी जाऊन बोला. शिकवायला मोठ्या झालेल्या मुलीच तयार करा. लहान मुलींना समोर ती दिसली की आयांची अर्धी भीती जाते. स्वसंरक्षणाच्या वर्गात डावांबरोबर तक्रार कशी नोंदवायची, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळाचा कायदा काय सांगतो, हेही शिकवा. आणि मुलींना पाच-सहाच्या गटात बांधा: कोणी कोणासाठी थांबायचे, कोणाच्या घरी आधी निरोप पोचवायचा, हे ठरलेले असू द्या. मुलांच्या तालमींतही जा. मित्राने मुलीला अडवले तर त्याला आवरणे हाही मर्दपणाच आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आणि सिनेमे जरूर बघा. तोंड फिरवून काही होत नाही. मुलींना घेऊन बघा, टाळ्या वाजवा आणि संपल्यावर दिवे लावून विचारा: यात आपण कुठे होतो? कुठे असायला हवे होतो? आमच्या चर्चेत शेवटी मुलींनी स्वतःच साठ जणींची यादी करायला घेतली. कडा चढणारी कोण, दोर धरणारी कोण, शिंग फुंकणारी कोण. ती कांडीवाली मावशी पहाऱ्यावर नेमली गेली. यादी चोवीसपर्यंत आली तेव्हा लाइट गेली आणि सगळ्या जणी मिळून घरी गेल्या.

उरलेली नावे तुमच्या गावातून येऊ द्या. अनुभव लिहून कळवा, पुढच्या अंकात छापू.

तुमची,
संपादक
कबनूर